फोटोच्या प्रिंटचे रंग तपासायला घरात कोणता दिवा लावावा?

घरच्या प्रिंटरवर काढलेला फोटो रात्री ट्यूबखाली हिरवट आणि सकाळी खिडकीपाशी लालसर दिसतो, मग यातला खरा रंग कोणता, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून प्रिंटरला दोष देऊ नका आणि प्रोफाइललाही (कोणता रंग कसा छापायचा हे प्रिंटरला सांगणारी फाइल) हात लावू नका.

मी लग्नाचे अल्बम करतो. सुरुवातीला खोलीत 3000 केल्विनचा पिवळा बल्ब होता (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तेवढा उजेड पिवळट, जास्त तेवढा निळसर). चेहरे पिवळट वाटतात म्हणून रात्रभर बसून मी पिवळा कमी करत गेलो. सकाळी प्रिंट गॅलरीत नेले तर नवरीचा चेहरा निळसर, आणि हळदीच्या फोटोंतली हळदच उडालेली. सगळे पुन्हा छापले.

कागद स्वतःचा प्रकाश देत नाही. दिव्यातून जे येतं त्यातलंच काही तो परत फेकतो. दिव्यात लाल कमी असेल तर कुंकू मळकटच दिसणार. म्हणून ‘खरा रंग’ शोधण्यापेक्षा सगळ्यांनी मान्य केलेला एक प्रकाश धरायचा. छपाई आणि फोटोग्राफीसाठी आयएसओ 3664 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यातला प्रकाश डी50, म्हणजे साधारण 5000 केल्विनचा. कोपऱ्यावरच्या दुकानात बहुधा 6500 चा ‘कूल डेलाइट’ नाहीतर 3000 चा ‘वॉर्म व्हाइट’ मिळतो, त्यामुळे 5000 चा मुद्दाम मागवावा लागेल.

पण नुसता केल्विनचा आकडा बघून घेऊ नका. खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती नीट दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ही आठ फिकट रंगांची सरासरी असते. गडद लाल, ज्याला आर9 म्हणतात, त्यात धरलेलाच नसतो. 80 सीआरआयच्या एलईडीत हा आर9 शून्याच्या आसपासही असू शकतो. आपल्याकडच्या फोटोंत त्वचा, कुंकू, शालू असं सगळं लालाच्या आसपासचं, त्यामुळे मार नेमका तिथेच बसतो. सीआरआय 95 च्या वर आणि आर9 निदान 90 असलेला दिवा घ्या. आर9 कुठेच लिहिला नसेल, तर मी तो दिवा घेत नाही.

उजेड किती हवा, हेही महत्त्वाचं. बारीक तुलनेसाठी त्याच मानकात 2000 लक्स (लक्स म्हणजे प्रिंटवर पडणाऱ्या उजेडाचं माप) सांगितलेत, नेहमीच्या पाहणीसाठी 500. घरी 500 च्या जवळपास राहा. फार झगझगीत उजेडात सावलीतले बारकावे छान उठून दिसतात, आपण प्रिंट गडद ठेवतो, आणि तोच फोटो दिवाणखान्यात काळाकुट्ट वाटतो.

बाकी खोलीतले दुसरे दिवे बंद करा. टेबलावर करड्या रंगाचा मॅट कागद अंथरा. रंगीत भिंतीजवळ बसू नका आणि भडक शर्टही नको, त्याची झाक प्रिंटवर पडते. दिवा तिरका, 45 अंशांवर ठेवा आणि प्रिंट समोरून बघा, म्हणजे ग्लॉसी कागदावर चकाकी येणार नाही. डोळ्यांना रुळायला दोन-चार मिनिटं द्या.

खिडकीचा उजेड चांगला, पण भरवशाचा नाही. पावसाळ्यात तर तासातासाला बदलतो, आणि समोर झाड असेल तर हिरवट होतो. तरी कागदाचा पांढरेपणा बघायला खिडकी हवीच. झळझळीत पांढऱ्या कागदात अतिनील किरणांनी निळसर चमकणारं द्रव्य असतं. बहुतेक एलईडींत ते किरण जवळपास नसतात, त्यामुळे असा कागद दिव्याखाली थोडा पिवळा आणि खिडकीत जास्त शुभ्र दिसतो.

नवा दिवा आला की आधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करड्या छटांची एक पट्टी छापा. शाई पूर्ण वाळू द्या, मग ती ट्यूबखाली, खिडकीत आणि नव्या दिव्याखाली बघा. फक्त ट्यूबखालीच हिरवी दिसली तर ट्यूब बदला. तिन्हीकडे हिरवी दिसली तर प्रिंटरचे नोझल (शाई फवारणारी बारीक छिद्रं) तपासा आणि मग प्रोफाइलकडे वळा.