पँटच्या रंगावर बूट कोणते घालावेत? एकच जोड घ्यायचा असेल तर काळा की तपकिरी?

तुम्ही लिहिलंय की कळव्याला राहता, जूनमध्ये ऐरोलीला पहिल्या नोकरीवर रुजू व्हायचंय, कपाटात नेव्ही, गडद राखाडी, बेज आणि काळी अशा चार पँटी आहेत आणि पैसे सध्या एकाच जोडापुरते आहेत. गडद तपकिरी घ्या. दुकानदार ज्याला ‘डार्क ब्राऊन’ किंवा ‘कॉफी’ म्हणतात तो. टॅन, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा फिका तपकिरी, नको.

घरचे नाक मुरडतील, याची तयारी ठेवा. चांगले बूट म्हणजे काळे बूट, हे आपल्या डोक्यात शाळेनं घातलंय. आठवडाभर काळे आणि शनिवारी पीटीला पांढरे कॅनव्हासचे, यापलीकडे तिसरा रंग पायात आलाच नाही. पण पोलीस अधिकाऱ्याचा गणवेश आठवा. खाकी पँट, तपकिरी पट्टा, तपकिरी बूट. तिथे काळे बूट घालून बघा मनातल्या मनात, पायात दोन विटा बांधल्यासारखं दिसेल. तुमच्या बेज पँटचं नेमकं तेच होणार. फिक्या, मातकट रंगाची पँट असली की काळा बूट अंगावर येतो. ऑलिव्ह पँट पुढेमागे घेतलीत तर तिलाही हेच लागू.

नेव्हीवर काळे चालतात, तपकिरी मात्र खुलतात. कारण साधं आहे. निळ्याच्या समोरचा रंग नारिंगी, आणि तपकिरी म्हणजे काळवंडलेला नारिंगीच. दोघं एकमेकांना उठाव देतात. गडद राखाडीवर काळा सगळ्यात सरळ, पण गडद तपकिरीही व्यवस्थित जातो. अट एवढीच की तो खरंच गडद हवा. बूट पँटपेक्षा गडद, निदान तिच्या बरोबरीचा असला की नजर वरून खालपर्यंत सलग जाते. बूट उजळ झाला की पाय घोट्याशी कापल्यासारखे दिसतात आणि समोरचा माणूस तुमच्याशी बोलताना खाली बघायला लागतो.

हे मला पुस्तकातून नाही, पायातून कळलंय. पहिल्या पगारात मी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून रात्री साडेआठला बूट घेतले. वर पिवळे दिवे. मला छान तपकिरी वाटले, दुकानदारही ‘ब्राऊनच आहे’ म्हणाला. सकाळी फलाटावर उभा राहिलो, खाली बघितलं, तर पायात दोन संत्री. वर गडद राखाडी पँट, म्हणजे बघायलाच नको. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ बाईंनी ‘अरे वा, लग्न ठरलं का?’ एवढंच विचारलं. दिवसभर पाय टेबलाखाली.

संध्याकाळी फलाटावरच्या बूटपॉलिशवाल्यापुढे पाय ठेवला. त्यानं लाकडी पेटीवर ब्रश टकटक वाजवला, बूट वळवून बघितला आणि विचारलं, ‘साहेब, टॅन लावू की ब्राऊन?’ मी म्हटलं, काहीही लावा, पण हा रंग घालवा. तो हसला. म्हणाला, एका दिवसात नाही जायचा, रोज डार्क ब्राऊन मारत राहा, आपोआप खाली उतरेल. तसंच झालं. पंधरा-वीस दिवसांत टाच आणि टोकं आधी गडद झाली, मग अख्खा बूट. टोकांकडचा तो गडदपणा तर मुद्दाम केल्यासारखा दिसायचा. फिक्या चामड्याचं गडद करता येतं, गडदाचं फिकं मात्र होत नाही. आणि हे खऱ्या चामड्यावरच जमतं. रेक्झिनवर पॉलिश नुसती फिरते, आत जात नाही.

तेव्हा बूट घ्यायला दिवसा जा. गोखले रोडला जा नाहीतर राम मारुती रोडला, पण यातलीच एक पँट घालून जा आणि बूट हातात घेऊन दुकानाच्या दारात या. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. माप मात्र संध्याकाळकडे बघावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. दोन्ही साधायला साडेचार-पाचची वेळ बरी.

पट्टा बुटाच्या रंगाचा. तंतोतंत जुळायला हवा असं नाही, पण तपकिरी बुटावर काळा पट्टा नको. मोजे मात्र पँटच्या रंगाचे, बुटाच्या नाही. गाडीत बसायला मिळालं (मिळालं तर!) आणि पँट वर सरकली की पांढरे मोजे लांबून चमकतात.

एक अपवाद सांगतो. बँकिंगसारख्या कडक क्षेत्रात अजून सूटखाली काळेच बूट धरतात. ब्रिटनमधल्या सोशल मोबिलिटी कमिशनच्या २०१६ च्या अहवालात नोंद आहे की तिथल्या गुंतवणूक बँकांत मुलाखतीला सूटवर तपकिरी बूट घालून आलेला उमेदवार काही वरिष्ठांना खटकतो. कोणी सांगितलेला नसतो असा नियम, आणि तो ठाऊक नसलेला मुलगा बाहेर राहतो. ऐरोलीच्या आयटी पार्कांच्या फाटकाशी सकाळी दहा मिनिटं उभे राहा, निम्मे पाय स्नीकरमध्ये दिसतील. तिथे तपकिरीवरून कोणी तुम्हाला अडवणार नाही.

रंगापेक्षा मोठी अडचण तुमच्यापुढे जूनमध्ये येणार आहे. पहिल्या पावसात नवे चामड्याचे बूट घालून कळवा ते ठाणे ते ऐरोली करू नका. येता-जाता फ्लोटर्स घाला, बूट ऑफिसात टेबलाखाली ठेवा. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवले की चामडं तडकतं. सुट्टीत घरी आणलेत तर बंद कपाटात ठेवू नका, जुलैत चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. सुएड, म्हणजे मखमलीसारखं लव असलेलं चामडं, दिसायला देखणं असतं, दुकानदार दाखवेलही, पण ठाण्याच्या पावसात ते म्हणजे पाण्यात टाकलेली पोळी.

राहिली काळी पँट. तिच्यावर तपकिरी बूट घालणारे आहेत, मला ते कधीच पटलेलं नाही. काळ्यावर काळेच. आणि तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत आहे की वडिलांचे काळे बूट तुमच्या मापाचे आहेत पण ‘जुने वाटतात’. मग काळ्या जोडाचा प्रश्न सुटलाच की! वरचं चामडं घडीवर तडकलंय का ते बघा. तडकलं नसेल तर चपला-बूट शिवणाऱ्याकडून सोल बदलून घ्या, जुन्या लेस काढून नव्या ओवा आणि दोन दिवस काळी पॉलिश चोळा. पॉलिश करायला मात्र वडिलांनाच सांगा. त्या पिढीच्या हाताला जी चकाकी येते ती आपल्याला जमत नाही.