नियंत्रक की नियामक?

चंद्रपूर जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: गावकऱ्यांसाठी माहितीपत्रक लिहितेय, त्यात ‘गाटा-1’ या प्रथिनाला जनुकांचं ‘नियंत्रक’ म्हणू की ‘नियामक’? आणि ‘डिफरन्शिएशन’ला मराठीत काय?

नियामक. ‘नियंत्रक’ आत्ताच्या आत्ता खोडा, आणि ‘कंट्रोल करणारं’ तर चुकूनही लिहू नका. आमच्या समाजमंदिरातल्या शिबिरात एक तरुण डॉक्टर अर्धा तास ‘हे प्रोटीन जीनला कंट्रोल करतं’ असं सांगत होते. शेवटी मागच्या रांगेतल्या आजीनं विचारलं, “हे पोटीन कंट्रोलात भेटते का, बापू?” सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं? आमच्याकडे कंट्रोल म्हणजे राशनचं दुकान.

‘नियंत्रणा’ची गत तर याहून वाईट. बोंडअळी नियंत्रण, तण नियंत्रण वाचून वाचून कापूसवाल्या माणसाच्या मनात या शब्दाला फवारणीचा वास बसलाय. त्याला ‘जनुकनियंत्रक’ म्हणा, तो जनुकं मारायचं औषध समजेल. आणि गाटा-1 नेमकं तसं नाही. हाडाच्या मज्जेतली कोवळी पेशी लाल पेशी होणार की आणखी काही, हे ठरण्यात त्याचा मोठा हात. हिमोग्लोबिनची जनुकं ते जागी करतं, आणि त्याच पेशीतल्या दुसऱ्या काही जनुकांना गप्पही बसवतं. दोन्ही कामं.

नाव कुठून आलं म्हणाल, तर डीएनएवर जी, ए, टी, ए अशी अक्षरं ओळीनं आली की हे तिथे जाऊन बसतं, म्हणून गाटा. आधी त्याला एरिफ-1, एनएफ-ई1, जीएफ-1 अशी नावं होती. शाळेत एक, घरी एक, आजोळी तिसरं, तशी.

आता नियामक. आमचे एक निवृत्त प्राध्यापक स्नेही ठासून सांगतात की नियामक म्हणजे नियम करणारा. मग गाटानं कोणता नियम केला, सर? नियम, संयम, यंत्र, नियंत्रण, नियामक ही सगळी ‘यम्’ धातूची लेकरं. यम् म्हणजे आवरून धरणं. पण अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडायचे कष्ट घेतले असते, तर त्यातल्या वारिवर्गात, म्हणजे पाण्याच्या शब्दांत, सापडलं असतं: ‘नियामकाः पोतवाहाः’. नियामक म्हणजे जहाज हाकणारा! वैनगंगेत डोंगा घालणारा ढिवर बघा. तो नदीला अडवत नाही. वल्हं कधी मारतो, कधी नुसतं धरून ठेवतो, आणि डोंगा हव्या त्या काठाला लागतो. गाटाला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

खरी गंमत त्याच ओळीत पुढे आहे: ‘कूपको गुणवृक्षकः’. डोलकाठीला गुणवृक्षक म्हटलंय, कारण तिला गुण बांधतात. गुण म्हणजे दोर! त्रिगुण म्हणजे तीन पदरी, द्विगुण म्हणजे दुपदरी. मग ‘गुणसूत्र’ (क्रोमोसोम, पेशीतला जनुकं वाहणारा धागा) शब्दातला गुण आईबापाकडून येणारा गुण, असं कोशकार बिनधास्त छापतात, ते मला अर्धंच पटतं. आत दोन पदरांचा पीळ घातलेला डीएनए, आणि वर नाव दोर-सूत्र. शब्द घडवणाऱ्याच्या मनात अमरकोशातला तो दोर नसेलच, हे कशावरून? पुरावा नाही, मान्य. पण ‘त्याच्या गुणसूत्रातच आळस आहे’ म्हणणाऱ्यांनी दोराचा पीळ आठवून बोलावं. त्यांना बहुधा जनुकच म्हणायचं असतं.

‘डिफरन्शिएशन’ राहिलंच. कोशात ‘विभेदन’ आहे, परीक्षेत तेच लिहा. पत्रकात मात्र ‘पेशी घडत जाते’ एवढं पुरे. आणि सिकलसेलचा दोष गाटाचा नाही, हिमोग्लोबिनच्या जनुकातला आहे, हे एक वाक्य ठळक अक्षरांत घाला. नाही तर आजी पुढच्या शिबिरात गाटाची गोळी मागतील.