नाक म्हणेल तेवढंच

बाबू,

परवा पारावर तू विचारलंस, तेव्हा चारचौघांत नीट बोलता आलं नाही. रथसप्तमीला एका दमात एकशेआठ सूर्यनमस्कार घातलेस, दुसऱ्या दिवशी कंबर धरली आणि तेव्हापासून सगळं बंद. आता मोबाइलवाला म्हणतो प्राणायाम कर, जिमवाला म्हणतो पावडर खा, मामा म्हणतो जोर-बैठका काढ. तिघांचं ऐकतोस आणि करत एकाचंही नाहीस. वरून विचारतोस, अंगात जीव काहून नाही?

माझं एकच सांगणं. नमस्कार घालताना तोंड उघडलं की थांब. नाकानं श्वास चालतो तेवढेच नमस्कार तुझे, बाकीचे लोकांना दाखवायचे. पाच होवोत, तीन होवोत. लाज वाटत असेल तर सपरीत दार लोटून घाल.

परवा तुझं पाहिलं. खाली वाकताना श्वास कोंडून धरतोस. वाकताना सोडायचा, छाती उघडताना घ्यायचा. साष्टांगात कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे, दोन्ही पायांचे चवडे टेकतात, पोट वरच राहतं. तू पोटावर धपकन पडतोस आणि तिथंच दम घेतोस. तळहात एकदा टेकले की उभं राहीपर्यंत जागचे हलवायचे नाहीत, पाऊल त्यांच्या मधे आणायचं. एका नमस्काराला उजवा पाय मागे, पुढच्याला डावा. असा एक सावकाश घालून बघ, एकशेआठचा आकडा तोंडातून निघणार नाही.

औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, संस्थानातल्या शाळांत हेच नमस्कार सुरू केले. आणि आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तिथल्या पोरांनी १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकमध्ये देशी खेळ दाखवले. तासाभरावर हे असताना तू शिकतोस कुठं, तर रीलवर! असो.

गावात माझ्यामागे बोलतात ते मला ठाऊक आहे. गुरुजींनी पोरांना हळूहळू करायला लावलं, म्हणून तालमीतून एकही पहिलवान निघाला नाही. नसेल निघाला. पहिलवान काढायला बसलोच नव्हतो मी. ती पोरं आज पन्नाशीला आली, अजून वखर धरतात, कापसाची गाठोडी उचलतात. माझ्या धाकट्या भावाला मात्र मी थांबवू शकलो नाही. तो मला हसायचा, तोंडानं धापा टाकत दंड मोजायचा. त्याचा खांदा गेला. आता कुडत्याच्या बाहीत हात घालायला त्याला सुनेला हाक मारावी लागते. म्हणून मी हट्टी आहे आणि तसाच राहणार.

भरतीचं म्हणशील, तर १६०० मीटरला तोंड उघडणारच. मैदानाची मेहनत मैदानावर कर, त्याला माझी ना नाही. पण तो दम सकाळच्या नमस्कारात आणू नकोस. तिथं नाक म्हणेल तेवढंच. किती वेळा सांगू?

बाकीचं तुला कळतं. उपाशीपोटी, शौचाला जाऊन आल्यावर. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, म्हणून दिवस उगवायच्या आत आटप. पुढं फवारणी सुरू झाली की वावरातून आल्यावर आधी साबणानं आंघोळ, कपडे वेगळे, आणि त्या दिवशी व्यायामाला सुट्टी. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहून सकाळी जीव नाही म्हणणाऱ्याला मी उत्तर देत नाही.

पोळ्यापर्यंत बाराच्या वर जाऊ नकोस. मग ये, जोर कसे काढायचे ते दाखवतो. आणि माझ्या मुद्गलाला तोवर हात लावायचा नाही. परवा तू तो उचलून पाहिलास, ते मी खिडकीतून बघितलं.

तुझा,
गुरुजी