ईमेलने मुदत थांबत नाही

प्रश्न: मी रावेर तालुक्यातला. शिरपूरला विमान चालवायला शिकलो, त्यासाठी वडिलांनी केळीचं शेत तारण ठेवलं. २०१९ च्या शेवटी एका विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू झालो. कोरोनामुळे प्रशिक्षण रखडलं आणि प्रत्यक्ष उड्डाणांसाठी ‘लाइन रिलीज’ २०२१ मध्ये मिळाला. पुढे आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. एकत्रित सेवाज्येष्ठता यादीत त्यांच्या वैमानिकांची रुजू झाल्याची तारीख धरली, आमची मात्र लाइन रिलीजची. माझं नाव सव्वादोनशे जागा खाली गेलं, कॅप्टन होणं लांबलं. यादी लागून एक वर्ष सात महिने झाले. हरकतीला ३० दिवस दिले होते, पण तेव्हा सिम्युलेटर चाचणीच्या गडबडीत राहून गेलं. नंतर एचआरला तीन ईमेल केले, दर वेळी ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं. विलीनीकरणाच्या योजनेत ‘सेवेत खंड पडणार नाही’ असं स्पष्ट लिहिलंय. मामा म्हणतात, औरंगाबाद खंडपीठात रिट टाकू. मित्र म्हणतो, राजीनामा दे. काय करू?

उत्तर: भाऊ, अन्याय झाला का, हे मी लिहीत बसत नाही. दोन गटांना दोन मोजपट्ट्या लावल्या आहेत, हे तुमच्या कागदांवरून सरळ दिसतं. बँकांच्या विलीनीकरणानंतर जळगाव-भुसावळचे बँक कर्मचारी असेच कागद घेऊन माझ्याकडे यायचे. बहुतेकांची बाजू बरी असायची, आणि बहुतेक उशिरा यायचे.

‘सेवेत खंड नाही’ या कलमावर फार भिस्त ठेवू नका. त्याने तुमची ग्रॅच्युइटी वाचते, रजा वाचते, जुनी वर्षं मोजली जातात. दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकाच्या वर बसायचं की खाली, हे त्यात लिहिलेलं नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून वाटणीत विहिरीकडचा तुकडा आपलाच असं होत नाही, तसंच हे. योजनेत ‘पूर्वीपेक्षा कमी लाभदायक नसलेल्या सेवाशर्ती’ असेही शब्द असतील, तर ते जास्त कामाचे आहेत. पण पदोन्नतीच्या रांगेतली जागा ही सेवाशर्त धरायची का, यावर कंपनी भांडेल आणि निकाल कुठेही झुकू शकतो. योजनेलाच आव्हान द्यायचा विचार असेल तर तो सोडा. कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशावर अपील ४५ दिवसांत करायचं असतं, कारण पटलं तर आणखी ४५ दिवस मिळतात, आणि ते कधीच संपले.

आता ज्यावर सगळं अडलंय ते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं उलटली की समेट अधिकाऱ्याला, म्हणजे कंपनी आणि कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, त्यावर कार्यवाहीच करता येत नाही, असं ही संहिता सांगते. समेट नाही तर पुढे औद्योगिक न्यायाधिकरणही नाही. यादी लागली तो दिवस धरला तर तुमच्या हातात पाच महिने उरतात.

तुम्ही म्हणाल, कंपनीने अजून नकार दिलेला नाही, ‘विचाराधीन’ म्हटलंय, म्हणजे वाद उद्भवलाच कुठे? मीही कोर्टात हेच म्हणेन. तुमचा वाद संहिता येण्याआधीचा, त्याला ही मुदत कशी लावता, असंही म्हणून बघेन. पण तुम्ही यांतल्या कशावरही विसंबू नका. अर्जावर अर्ज करत राहिल्याने शिळा दावा ताजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सी. जेकब प्रकरणात सांगून ठेवलंय. एचआरमधल्या माणसाला हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ‘विचाराधीन’ लिहायला त्याला एक मिनिट लागतं आणि तुमचे सहा महिने जातात. राग येतो तो याचा, की एवढ्या गुंतागुंतीची यंत्रं चालवणारा माणूस उड्डाणाआधी चेकलिस्टची ओळ न् ओळ वाचतो आणि ३० दिवसांची मुदत लिहिलेली नोटीस बाजूला ठेवून देतो.

त्यातही एक मेख आहे. नोकरीवरून काढलं असतं तर तुम्ही एकटे वाद उभा करू शकला असता. सेवाज्येष्ठतेचा वाद एकट्याचा चालत नाही, त्यामागे संघटना किंवा सहकाऱ्यांची बरीच संख्या लागते. आणि इथे संघटनेचं दुखणं असं की तुम्ही वर गेलात तर तिचेच दुसरे सभासद खाली जाणार. बहुमत त्या बाजूचं असेल तर ती तुमचा कागद हातात घेणार नाही. म्हणून जुन्या कंपनीतले, लाइन रिलीजच्या तारखेने मार खाल्लेले वैमानिक गोळा करा. व्हॉट्सॲपवरचे अंगठे नकोत, कागदावर सह्या हव्यात. ज्यांची नावं खाली जातील त्यांनाही पुढे पक्षकार करावं लागेल, नाहीतर त्याच मुद्द्यावर प्रकरण फेकलं जातं. हे काम कटू आहे, कारण ती माणसं उद्या तुमच्याच शेजारी कॉकपिटमध्ये असणार. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. त्यानंतर पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण कोणाला यावरून वैमानिकांचा ५८ दिवसांचा संप झाला. तुम्ही मात्र संपाच्या गोष्टी ग्रुपवर लिहूसुद्धा नका.

कंपनीला द्यायचं मागणीपत्र एका पानाचं असू द्या. मागणी एकच: दोन्ही गटांना रुजू तारखेची एकच कसोटी लावा. १५ दिवसांत उत्तर मागा. आलं नाही तर समेटासाठी थेट प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे जा, तुमचा बेस मुंबई असेल तर मुंबईला. हवाई वाहतुकीचा विषय केंद्राचा आहे. जळगावच्या कामगार कार्यालयात किंवा राज्याच्या कामगार संघटना व अनुचित प्रथा कायद्याखाली अर्ज टाकलात तर ‘आमचा अधिकार नाही’ एवढं ऐकायला दीड वर्ष जाईल. समेट फिसकटल्याचा अहवाल मिळाल्यावर न्यायाधिकरणात जायला ९० दिवस असतात. ही दुसरी मुदत आत्ताच डायरीत लिहा.

कंपनी म्हणेल, वैमानिक ‘कामगार’ नाही, म्हणून ही संहिता त्याच्यासाठी नाही. सहवैमानिकाचं काम कुशल, तांत्रिक असल्याने तुमची बाजू मला बरी वाटते. कॅप्टन असता तर देखरेखीचा मुद्दा जास्त अडला असता. यावर खात्री देत नाही. विलीनीकरणाच्या वेळी ‘सेवाज्येष्ठतेबाबत कंपनीचा निर्णय मान्य’ अशा कुठल्या फॉर्मवर सही केली होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो फॉर्म शोधा. असेल तर अडचण वाढते, पण त्याने प्रकरण संपत नाही.

मामांना सांगा, रिटचा नाद सोडा. एअर इंडियाचे कर्मचारी वेतन-पदोन्नतीच्या तक्रारी घेऊन २०११ पासून मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कंपनी सरकारी होती. सुनावणी होईपर्यंत जानेवारी २०२२ उजाडला, कंपनी खासगी झाली आणि त्या याचिकाच आता चालत नाहीत असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मध्ये ते कायम केलं. दाखल केली तेव्हा बरोबर असलेली याचिका कोर्टात पडून पडून चुकीची झाली. तुमची कंपनी तर पहिल्यापासून खासगी. दिवाणी दाव्याला तीन वर्षं मिळतात, पण नोकरीच्या करारात दिवाणी कोर्ट हात आखडता घेतं, आणि नेमणूकपत्रात बहुधा दिल्ली किंवा गुरुग्रामचं कोर्ट लिहिलेलं असेल.

राजीनाम्याचं तुमचं तुम्ही ठरवा, हप्ते तुम्हाला माहीत. कायद्यापुरतं एवढंच सांगतो: डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, २०१७ च्या नियमाप्रमाणे सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि दुसऱ्या कंपनीत बहुधा यादीच्या तळापासूनच सुरुवात होते. सोडायचंच असेल तरी आधी मागणीपत्रावर सही करा आणि समेटाचा अर्ज दाखल होऊ द्या. नोकरी सोडलेल्या माणसाचा पदोन्नतीच्या रांगेवरचा दावा कोणी फार मनावर घेत नाही.

येताना दोन्ही नेमणूकपत्रं, लाइन रिलीजचा कागद, यादी आणि ती जाहीर झाल्याच्या तारखेचा पुरावा आणा. मधल्या काळात एचआरला चौथा ईमेल करू नका.