घर आधी विकायचं, की घटस्फोट आधी?

“सही तर कर म्हणतेत की ओ मॅडम. घर विकू, पैसे आले की अर्धे तुझे, मग कोर्टात जाऊ. करू का सही?”

नवऱ्यापासून वेगळं व्हायला निघालेल्या एका बाईने समुपदेशनाच्या खुर्चीत बसल्या बसल्या हा प्रश्न विचारला. जुळे सोलापुरातला टू-बीएचके फ्लॅट, दोघांच्या नावावर. कर्जही दोघांच्या नावावर. ती एका खासगी शाळेच्या कार्यालयात कामाला, तो चिंचोळी एमआयडीसीत. मुलगी आठवीत. चौदा महिन्यांपासून तो वेगळा राहतो आणि तेव्हापासूनचे सगळे हप्ते एकटी ती भरते. वेगळं व्हायचं यावर दोघांचं एकमत आहे, अडलंय ते घरावर. (एकाच जोडप्याची ही हकीगत नाही. अशा अनेकांच्या अडचणी इथे एका ठिकाणी आणल्या आहेत.)

तिला दिलेलं उत्तर असं: ताई, सही आत्ता नको. पण “घर विकणारच नाही” असंही म्हणू नका. आधी अटी कागदावर, मग कोर्टात अर्ज, मग विक्री आणि सगळ्यात शेवटी घटस्फोटाचा हुकूम, या क्रमाने चला.

क्रमाला इतकं महत्त्व का, ते सांगायला हवं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संमतीने घटस्फोट घ्यायचा तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग दोघांचा मिळून पहिला अर्ज. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर राहून ‘आमचं अजून तेच म्हणणं आहे’ असं सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात असं सांगितलं, त्यामुळे बरेच जण माफीच्या मागे लागतात. घर विकायचं असेल तर माफी मागूच नये. हेच सहा महिने विक्रीसाठी सर्वांत सुरक्षित असतात, कारण दोघांनाही दुसऱ्या तारखेला समोरच्याची गरज असते. तिची सही त्याला हवी असते, त्याची तिला.

विक्री त्याआधी उरकली आणि पैसे त्याच्या खात्यात गेले, तर पोटगी, मुलीचा खर्च, सगळ्याची बोलणी ती रिकाम्या हाताने करणार. उलट हुकूम आधी झाला आणि घर तसंच राहिलं, तर सहीसाठी पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेल्या माणसाच्या मागे फिरायची वेळ येते. त्याने तोवर दुसरा संसार मांडलेला असतो. घाई करायचं त्याला काही कारण उरत नाही.

घरात तिचा हिस्सा किती, हा प्रश्न लगेच आला. आपल्याकडे बायको म्हणून आपोआप अर्धं मिळतं असा कायदा नाही. दस्तावर नाव कोणाचं आणि पैसे कोणी घातले, हे पाहतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ प्रमाणे दोघांनी मिळून घेतलेल्या मिळकतीत ज्याने जितके घातले तितका त्याचा वाटा. पुरावाच नसेल तर सारखा. म्हणून सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा), खरेदीच्या वेळच्या बँक पासबुकाची पानं आणि सोनं मोडल्याच्या पावत्या आधी गोळा करा. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर मालकीचा वाटा सांगणं अवघड, पण कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली राहण्याचा हक्क मागता येतो. घर परस्पर विकू नये असा आदेशही याच कायद्याच्या कलम १९ खाली मिळू शकतो.

आता हिशेब. भांडणं खरी इथे होतात आणि बहुतेक वेळा चूक साध्या वजाबाकीची असते.

किंमत ठरवताना शेजारच्या विंगेतला फ्लॅट कितीला गेला यावर विसंबू नका. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, तोही बाजारभाव नव्हे. शासनमान्य मूल्यांकनकाराकडून दोन अहवाल घ्यावेत, एक त्याच्या पसंतीचा, एक तिच्या, आणि सरासरी धरावी. इथे ती ४८ लाख निघाली. कर्ज बाकी १७ लाख ४० हजार. दलाली एक टक्का, ४८ हजार. सोसायटीची थकबाकी २२ हजार. हातात उरतात २९ लाख ९० हजार, म्हणजे प्रत्येकी १४ लाख ९५ हजार.

पण खरेदीच्या वेळी तिच्या माहेरच्या सोन्याचे ४ लाख यात गेले होते. ते स्त्रीधन, ते तिला परत मिळावं, हे नवऱ्यालाही मान्य होतं. तिच्या भावाने मांडलेला हिशेब असा: १४.९५ अधिक ४ म्हणजे बहिणीला १८ लाख ९५ हजार, उरलेले १० लाख ९५ हजार त्याला. हे चुकीचं आहे. ४ लाख घरात गेले म्हणजे त्यातले २ लाख तिच्या स्वतःच्या अर्ध्यातच बसलेत. सगळे ४ लाख त्याच्या अर्ध्यातून काढले तर तो दुप्पट देतो. बरोबर पद्धत म्हणजे ४ लाख आधी वर काढून ठेवायचे. २५ लाख ९० हजार उरतात, त्याचे निम्मे १२ लाख ९५ हजार. ती १६.९५, तो १२.९५. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेला नवरा पहिल्यांदा बोलला. आपल्याला लुबाडलं जातंय ही भीती अनेकदा अशा एका चुकीच्या बेरजेतून येते, आणि ती काढणं शक्य असतं.

चौदा हप्त्यांचं तसंच. २१,५०० प्रमाणे ३ लाख १ हजार तिने एकटीने भरले. बँकेकडून हप्त्यांचा तक्ता मागवला, त्यात मुद्दल साधारण १ लाख २० हजार आणि व्याज १ लाख ८१ हजार. त्या काळात घरात ती राहत होती, म्हणून व्याजाचा भाग भाड्यासारखा धरून सोडला आणि मुद्दलाचे निम्मे, ६० हजार, तिला जास्तीचे दिले. शेवटी ती १७ लाख ५५ हजार, तो १२ लाख ३५ हजार. मुलगी लहान असेल आणि तो मुलीसाठी काहीच देत नसेल, तर व्याजही असं सोडून द्यायला आम्ही सुचवणार नाही.

पाणी रोज येत नाही म्हणून बसवलेली जादा टाकी, इन्व्हर्टर, कपाटं यांची वेगळी यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. लाखांवर एकमत झालेली माणसं टाकीवरून उठून जातात.

तडजोडपत्रात, म्हणजे वकील ज्याला कन्सेंट टर्म्स म्हणतात त्यात, एवढं तरी हवंच: कमीत कमी किंमत, विक्री होईपर्यंत हप्ता कोण भरणार, गिऱ्हाइकाला घर दाखवायचे वार, चार महिन्यांत गिऱ्हाईक नाही मिळालं तर किंमत किती उतरवायची, आणि पैसे कोणाच्या कोणत्या खात्यात जाणार. पितृपक्षात आणि पौषात घराचे व्यवहार मंदावतात, मुदत धरताना हे लक्षात घ्या.

हप्त्याबद्दल जरा कडक बोलावं लागतं. दबावासाठी हप्ता थांबवणारे पुष्कळ असतात. बँकेला तुमच्या भांडणाशी देणंघेणं नाही, पूर्ण कर्जाला दोघंही जबाबदार. नव्वद दिवसांच्या वर थकलं की खातं अनुत्पादित (एनपीए) होतं आणि दोघांचाही सिबिल घसरतो. नंतर तिला भाड्याऐवजी छोटं घर घ्यायचं म्हटलं तरी कर्ज अडतं.

गिऱ्हाईक आलं की इसार रोखीत घ्यायचा नाही. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यातच बसत नाही आणि रोख इसार कोणाच्या खिशात गेला हे नंतर कोणी सांगू शकत नाही. साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, नोंदवून घ्या आणि पैसे कसे वाटायचे ते त्यातच लिहा: एक डीडी थेट कर्जखात्यावर, दुसरा तिच्या नावाचा, तिसरा त्याच्या नावाचा. गिऱ्हाइकाचंही कर्ज असेल तर त्याची बँक हे तिन्ही वेगळे काढून देते, फक्त आधी सांगावं लागतं. फ्लोटिंग दराचं गृहकर्ज वैयक्तिक असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. पूर्ण फेडीनंतर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बँकेकडून कागदांची यादी पहिल्याच दिवशी मागून घ्या.

दुय्यम निबंधकाकडे स्वतः जा. “तुला कशाला त्रास” म्हणून नवऱ्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) मागितलं तर देऊ नका. जाणं अगदीच शक्य नसेल तर आपल्या भावाच्या किंवा वडिलांच्या नावाने, तेही याच एका व्यवहारापुरतं.

तिने मधेच विचारलं, घर मीच ठेवलं तर? ठेवता येतं. त्याचा वाटा देऊन हक्कसोडपत्र करायचं. घर वडिलोपार्जित नसल्याने त्याला त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर विक्रीसारखंच मुद्रांक शुल्क पडतं. नवरा-बायकोतलं राहत्या घराचं बक्षीसपत्र नाममात्र शुल्कात होतं, पण ते खरोखर मोबदल्याशिवाय दिलं असेल तरच आणि लग्न कायद्याने टिकून असेपर्यंतच. आतून पैसे देऊन वरून बक्षीसपत्र करू नका. शिवाय बँक त्याचं नाव कर्जातून काढेल का, हे तिच्या एकटीच्या पगारावर ठरणार. तिच्या पगारात ते बसत नव्हतं. तिला वाईट वाटलं आणि त्या दिवशी पुढची बोलणी आम्ही थांबवली. अशा वेळी आकडे पुढे रेटून उपयोग नसतो.

कर दोघांना वेगवेगळा. २६ लाखांना घेतलेलं घर ४८ ला विकलं तर नफा २२ लाख, प्रत्येकी ११. साडेबारा टक्क्यांनी १ लाख ३७ हजार ५०० आणि वर सेस. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला खरेदी किमतीत महागाई धरून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, कमी बसेल तो घ्यावा. दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर नफ्यावरचा कर वाचतो.

समोरचा विकायलाच तयार नसेल तर? पती-पत्नीतल्या मालमत्तेचा दावा कौटुंबिक न्यायालयातच चालतो, सोलापुरातही. फ्लॅटचे तुकडे होत नाहीत, म्हणून १८९३ च्या वाटप कायद्याने न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं. त्यात वर्षं जातात. महाराष्ट्रात महिलांना अशा दाव्यात कोर्ट फी माफ आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला महिलेला उत्पन्नाची अट नाही.

ताबा देण्याची तारीख तेवढी तिने स्वतः ठरवली. मार्चमध्ये दस्त झाला तरी ताबा मे महिन्यात, मुलीची वार्षिक परीक्षा संपल्यावर. साठेखतात तसं कलम घातलं. गिऱ्हाइकाने फार खळखळ न करता ते मान्य केलं.