विमानतळावरून थेट जहाजाच्या धक्क्यापर्यंत

प्रश्न : आई-बाबांसह आम्ही चौघे सकाळी दहाला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरू, त्याच संध्याकाळी पाचला चिव्हितावेक्कियाहून आमचे क्रूझ सुटते. खासगी गाडी आधीच ठरवावी का?

उत्तर : अवश्य ठरवावी. क्रूझ 'रोमहून' सुटते असे जाहिरातीत म्हटलेले असले, तरी हे बंदर शहरापासून सुमारे ८० आणि तुमच्या विमानतळापासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे, त्यामुळे गाडीलाही तासभर लागतो. रेल्वे स्वस्त पडते. परंतु त्रास्तेव्हेरे स्थानकावर गाडी बदलताना आई-बाबा आणि बॅगा दोन्ही सांभाळाव्या लागतील. आरक्षण करताना विमानाचा क्रमांक द्यावा, म्हणजे उशीर झाल्यास चालकाला तो पाहता येतो, आणि थांबण्याचे पैसे केव्हापासून लागतात हे लेखी घ्यावे. बॅगांची संख्याही कळवावी, कारण चौघे मावणाऱ्या मोटारीत चार मोठ्या बॅगा मावतीलच असे नाही. (मांडीवर बॅग घेऊन तासभर बसणे काही सुखाचे नसते.) मुख्य म्हणजे, जहाजाचे नाव सांगून गाडी थेट त्याच्या धक्क्यापर्यंत जाईल याची खात्री करावी, अन्यथा लार्गो देल्ला पाचे या बंदरालगतच्या बसथांब्यावर उतरून बंदराची बस धरावी लागेल. वेळेचा हिशेब मात्र पाचपासून नव्हे, तर तिकिटावरील चेक-इन बंद होण्याच्या वेळेपासून मांडावा.