अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या डेन्व्हरहून कॅम्पर व्हॅन घेऊन डोंगरातल्या यूरे गावाला जायचंय, सप्टेंबरअखेर, सासूबाई बरोबर आहेत. ताम्हिणी-वरंध्याची सवय आहे, जमेल का?

जमेल. पण ताम्हिणीची सवय तुम्हाला वळणांपुरतीच कामाला येईल, खरा प्रश्न उंचीचा आहे आणि त्याची तयारी पुण्यात बसून सुचतच नाही, आम्हालाही सुचली नव्हती. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि डेन्व्हर शहरच जवळजवळ तेवढ्या उंचीवर वसलंय. यूरे 2,375 च्या आसपास. तिथून पुढच्या सिल्व्हर्टन गावाला जाताना रेड माउंटन पास ही खिंड लागते ती 3,358 मीटर, म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई.

मी आणि नवरा दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत गेलो होतो. विमानातून उतरलो, दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन ताब्यात घेतली आणि एका दमात यूरे गाठलं, साडेचारशेच्या वर किलोमीटर, मध्ये मोनार्क पास 3,400 मीटरच्याही वर. रात्री माझं डोकं इतकं ठणकत होतं की उशीला टेकवता येईना आणि नवऱ्याला मळमळत होतं. बरोबर सासूबाई असताना हे अजिबात करू नका. डेन्व्हरला दोन रात्री काढा, मग मोनार्कच्या अलीकडे सलायडाला एक रात्र, आणि मग यूरे. पाणी भरपूर प्या आणि त्यांना बीपीची गोळी चालू असेल तर निघायच्या आधी इथल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता स्वयंपाक, कारण व्हॅन घेण्यातला अर्धा आनंद तोच आहे. यूरेत पाणी साधारण 92 अंशांनाच उकळतं, आम्ही पहिल्या दिवशी साध्या पातेल्यात भात लावला तर तासभर झाला तरी मधली कणी तशीच कच्ची, डाळीचं तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या मॉन्ट्रोज शहरात परत जाऊन कुकर शोधत फिरलो, मिळाला नाही. तेव्हा घरचा तीन लिटरचा कुकर बॅगेत टाकाच, व्हॅनमधल्या गॅसच्या शेगडीवर व्यवस्थित बसतो, फक्त नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त घ्या. मिक्सर आणि इंडक्शन मात्र नेऊ नका, तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची उपकरणं चालणार नाहीत. किराणा मॉन्ट्रोजलाच भरा, यूरे जेमतेम हजारभर वस्तीचं गाव आहे. आणि रात्री खाणं, कचरा काहीही बाहेर ठेवू नका, अस्वलं येतात.

रात्री थंडी शून्याच्या जवळ जाते. व्हॅनचा हीटर आधी चालवून बघा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते स्वतः बटण दाबून तपासा. ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा.

गाडी चालवण्याबद्दल: हवा विरळ म्हणून साधं पेट्रोल इंजिन वर चढताना बरीच ताकद गमावतं, तेव्हा मागे रांग लागली तरी घाबरू नका, जागा दिसली की बाजूला घ्या, लोकांना जाऊ द्या. उतरताना मात्र आपला जुना नियम, चढलात त्याच गियरमध्ये उतरा. व्हॅन ऑटोमॅटिक असते म्हणून आपण डीमध्येच (ड्राइव्ह) सोडतो, मोनार्क उतरताना आम्ही तेच केलं आणि खाली येईपर्यंत ब्रेकचा जळका वास सुटला, अर्धा तास थांबावं लागलं. इंटरनॅशनल परमिट पुण्याच्या आरटीओतून काढून घ्या, एक वर्ष चालतं.

गावात निदान दोन रात्री राहा, नुसतं गाडीतून बघून पुढे जाऊ नका एवढी माझी विनंती आहे. तिन्ही बाजूंनी कडे सरळ अंगावर आलेले, ॲस्पनची झाडं त्या दिवसांत पिवळीधमक, आणि मधोमध गरम पाण्याचा तलाव. आपल्या वज्रेश्वरीला गंधकाचा वास येतो तसा इथे येत नाही, सासूबाईंच्या गुडघ्यांना फार बरं वाटेल. बॉक्स कॅन्यनचा धबधबा गावाला लागूनच आहे, लोखंडी पुलावरून कपारीच्या आतपर्यंत जाता येतं. गावाचं नाव इथल्या मूळ रहिवासी यूट लोकांच्या यूरे नावाच्या प्रमुखावरून, 1876 मध्ये चांदीच्या खाणींमुळे गाव उभं राहिलं आणि 1881 मध्ये त्याच्याच लोकांना इथून युटाला हाकललं, हे तिथे उभं राहून आठवलं की वाईट वाटतं.

सिल्व्हर्टनचा रस्ता मिलियन डॉलर हायवे म्हणून ओळखतात, यूरेपासून पंचवीस मैल. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, हिवाळ्यात बर्फ ढकलायला जागा लागते म्हणून. तिथे उजवीकडून चालवायचं, त्यामुळे यूरेहून जाताना दरी तुमच्या बाजूला आणि परत येताना डोंगर. सकाळी आठच्या आत निघा, रस्ता कोरडा असेल तरच, ढग दिसले तर तो दिवस सोडून द्या. सासूबाईंना जाताना ड्रायव्हरच्या मागे बसवा, तिकडे दरी दिसत नाही. सिल्व्हर्टनला ड्युरँगोहून येणारी 1882 ची छोटी गाडी बघायला मिळते, वाफेचं इंजिन, तीन फुटी रूळ, आपल्या माथेरानच्या गाडीची थोरली बहीण. ती स्टेशनात शिरताना जी शिट्टी घुमते ती ऐकून मगच परत फिरा.